कर्जरोख्याच्या पाठीमागे

इसवी सन 1875 च्या मे महिन्याच्या 12 तारखेस पुणे जिल्ह्यातील सुपे ह्या बाजारपेठेच्या गावी आसपासचे कुणबी जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. आपल्या पारनेर तालुक्यातील सुपे ते हे नव्हे. हे सुपे भीमथडीकडील, आजच्या बारामती तालुक्यातले. तेथे पेटलेली ठिणगी थोड्याच दिवसांत भीमा ओलांडून आपल्या जिल्ह्यात आली. श्रीगोंदे, पारनेर, नगर व कर्जत ह्या तालुक्यांतील गावांत तोच प्रकार घडला. दोन महिन्यांच्या अवधीत तिसांहून अधिक गावे ह्या वणव्यात सापडली. सरकारने फौज आणली आणि 951 माणसे धरली. इतिहासात ह्या प्रकरणास ‘दख्खनचे दंगे’ असे नाव पडले आहे.

ह्या दंग्यांत एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. धान्याची दुकाने लुटली गेली, काही घरांस आगीही लागल्या. परंतु जमावाची मुख्य मागणी धान्याची नव्हती, पैशाचीही नव्हती. ती कागदांची होती. ‘रोखे आणा, खतावण्या आणा, हुकूमनामे आणा,’ एवढेच ते म्हणत. ज्या सावकाराने मुकाट्याने कागद पुढे टाकले, त्यास बहुधा कोणी बोटही लावले नाही. कागदांची होळी झाली की लोक आपापल्या घरी परतत. ज्याला अक्षर वाचता येत नव्हते, त्या माणसाने आपला सारा राग अक्षरांवर काढला. असे का झाले असावे? ह्या एका प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आपणांस आजच्या ऋणकोचा, घर घेणाऱ्याचा आणि आपल्या घरातील वृद्ध माणसांचा प्रश्न थेट येऊन भिडतो. म्हणूनच आजच्या भाषणासाठी मी हा विषय निवडला आहे.

प्रथम त्या कागदाची करणी पाहू. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, तिकडील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि आपल्याकडील कापसास सोन्याचा भाव आला. सावकार हात सैल सोडून कर्ज देऊ लागले. 1865 मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले. त्यापाठोपाठ सरकारने जमिनीचा सारा वाढविला. पीक स्वस्त, सारा महाग आणि कर्ज मिळणे कठीण, अशा तिहेरी कात्रीत कुणबी सापडला. परंतु त्याचा खरा गळफास वेगळाच होता, आणि नवल असे की, तो फास कुणब्याच्याच हितासाठी केलेल्या कायद्यातून तयार झाला होता.

1859 साली सरकारने मुदतीचा कायदा केला. कर्जरोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा करावा, त्यानंतर तो चालणार नाही, असा त्याचा आशय होता. हेतू असा की, व्याज वर्षानुवर्षे साचत राहू नये. सावकाराने काय केले? दर तीन वर्षांनी जुना रोखा फाडून नवा लिहून घेण्यास सुरुवात केली. आणि नवा रोखा लिहिताना थकलेले व्याज मुद्दलात मिसळून टाकले. व्याजाची गणिते फळ्यावर मांडण्यात माझे आयुष्य गेले आहे, तेव्हा येथे एक गणित घालण्याची परवानगी असावी. शंभर रुपये कर्ज, व्याज शेकडा दरसाल 24. सरळ व्याजाने बारा वर्षांत 388 रुपये होतात. परंतु दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात घालून रोखा बदलला, तर तीन वर्षांनी 172, सहा वर्षांनी 296, नऊ वर्षांनी 509 आणि बारा वर्षांनी 875 रुपये होतात. आमच्या जुन्या धर्मशास्त्रात दामदुपटीचा नियम होता. एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज घेऊ नये, म्हणजे शंभराचे दोनशेच्या वर मागू नये. रोखा बदलला की मुद्दलच नवे होई आणि दामदुपटीची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. दंग्यांची चौकशी करण्यास सरकारने जो आयोग नेमला, त्याला शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज लावलेले एक प्रकरण आढळले होते.

मग न्यायालये काय करीत होती? न्यायालये कागद पाहत होती. रोख्यावर रक्कम लिहिली आहे, खाली नांगराची निशाणी किंवा अंगठा आहे, साक्षी आहेत; मग आणखी काय पाहावयाचे? कुणबी बहुधा तारखेस हजरच राहत नसे, दावे एकतर्फी निकालात निघत, आणि हुकूमनाम्याच्या बळावर बैल, घर, जमीन व प्रसंगी खुद्द ऋणकोचा देह ताब्यात घेता येई, कारण कर्जापायी दिवाणी तुरुंगात टाकण्याची तेव्हा मुभा होती. शिरूर तालुक्यातील करडे ह्या गावी 1874 च्या अखेरीस अशाच एका हुकूमनाम्यापायी एका प्रतिष्ठित गृहस्थाचे घर पाडले गेले, आणि गावाने सावकारावर बहिष्कार घातला. पुढच्या वर्षीच्या दंग्यांची ती नांदी होती. कागद बोलत होता, माणूस मुका होता; म्हणून माणसाने कागद जाळला.

आयोगाने 1876 मध्ये आपला अहवाल दिला आणि 1879 साली ‘दख्खन शेतकरी साहाय्य कायदा’ अस्तित्वात आला. तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर ह्या चारच जिल्ह्यांना लागू होता. आपल्या जिल्ह्याचे नाव 2024 साली अहिल्यानगर झाले. परंतु भारतातील ऋणकोरक्षणाच्या कायद्यांच्या इतिहासात ह्या जिल्ह्याचे नाव अगदी आरंभीच्या पानावर आहे, हे येथील शिक्षित कुटुंबांना ठाऊक असावे.

ह्या कायद्याने काय केले? पहिली व सर्वांत मोठी गोष्ट ही की, न्यायाधीशाने रोख्यावरील आकडा अंतिम मानू नये, रोख्याच्या पाठीमागे जावे, व्यवहार मुळात केव्हा व किती रुपयांनी सुरू झाला ह्याची चौकशी करावी, असे त्याच्यावर बंधन घातले. मुद्दलाचा हिशेब वेगळा, व्याजाचा वेगळा. व्याजावर व्याज नाही. दुसरी गोष्ट, पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्यास तुरुंगात टाकणे बंद झाले. तिसरी, जमीन स्पष्टपणे गहाण लिहून दिलेली नसेल, तर ती साध्या कर्जाच्या वसुलीत विकता येईना. चौथी, दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती, दरसाल हिशेबाचा उतारा आणि मागितल्यास पासबुक मिळण्याचा हक्क शेतकऱ्यास मिळाला. आज बँकेत आपण पासबुक भरून घेतो, त्याची आठवण ठेवण्यासारखी ही गोष्ट आहे. ह्याच कायद्याखालील विशेष न्यायाधीशाचे काम महादेव गोविंद रानडे ह्यांनी, 1893 साली ते उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होण्यापूर्वी, पाहिले होते.

हा कायदा निर्दोष होता असे मात्र कोणी समजू नये. सावकाराचीही एक बाजू होती. सारा भरण्याच्या दिवशी, बी-बियाण्याच्या वेळी, लग्नकार्यात कुणब्याच्या दारी पैसा घेऊन उभा राहणारा तोच एक होता. सरकारी बँक गावात नव्हती. कायदा कडक झाला तशी पतही आखडली. आणि सावकाराने आणखी एक युक्ती शोधली. गहाणखत लिहून घेतले तर न्यायाधीश त्याच्या पाठीमागे पाहतो ना? मग गहाणखतच नको. सरळ खरेदीखत लिहून घ्यावे आणि ‘पैसे फेडलेस की जमीन परत लिहून देईन’ असे तोंडी सांगावे. कागद विक्रीचा, व्यवहार कर्जाचा. पुढे ह्या कायद्यात दुरुस्ती करून, खरेदीखतामागे मूळ हेतू गहाणाचा होता काय हेही पाहण्याची मोकळीक न्यायालयास द्यावी लागली. कायद्याने एक दार लावावे आणि धनकोने खिडकी शोधावी, हा खेळ तेव्हापासून आजतागायत चालू आहे.

श्रोतेहो, आपण शिकलेली माणसे. आपल्या मनात येईल, ते अंगठेबहाद्दरांचे युग गेले. आता त्याचे काय? मी नम्रपणे असे सुचवितो की, अंगठा गेलेला नाही. तो नुसता जागा बदलून बसला आहे. पूर्वी तो शाईत बुडवून रोख्यावर उमटत असे, आता तो मोबाइलच्या काचेवर ‘मला मान्य आहे’ ह्या चौकटीवर टेकतो. चाळीस पानांचा करारनामा न वाचता प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात सही करणारा पदवीधर आणि खताखाली नांगराची निशाणी काढणारा कुणबी, ह्यांत कागदाच्या दृष्टीने अंतर ते किती? दोघेही कागदात काय आहे हे जाणत नाहीत.

खरेदीखताची ती जुनी युक्तीही मेलेली नाही. म्हणून तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायदा, 2014 ह्यात, सावकारी व्यवहाराच्या ओघात विक्री, गहाण, भाडेपट्टा अथवा अन्य रूपाने सावकाराच्या हाती गेलेली जमीन वा घर, पंधरा वर्षांच्या आतील व्यवहार असल्यास, चौकशीअंती मूळ मालकास परत देवविण्याचा अधिकार सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकास दिला आहे. विनापरवाना सावकारी करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. चक्रवाढ व्याजास बंदी आणि मुद्दलाहून अधिक व्याज नाही, हा दामदुपटीचा दंडकही त्यात आहे. 1875 च्या कुणब्याला जे हवे होते, त्यातील पुष्कळसे ह्या कायद्यात लिहिलेले आहे. अर्ज मात्र आपणच करावा लागतो.

परंतु बँका व वित्तसंस्था ह्या कायद्याखाली येत नाहीत. त्यांजवर रिझर्व्ह बँकेची देखरेख असते. तेथेही कागदाच्या पाठीमागे पाहण्याचे तत्त्व हळूहळू आले आहे. 1 ऑक्टोबर 2024 पासून व्यक्तीस दिलेल्या बहुतेक सर्व नव्या कर्जांसोबत एक ‘मुख्य तथ्य विवरण’ देणे बंधनकारक झाले आहे. सर्व शुल्के, विमा व व्याज मिळून वर्षाकाठी खरा दर किती पडतो, तो एक आकडा त्यात असावा लागतो. आणि ते विवरण ऋणकोस समजेल अशा भाषेत असावे असा नियम आहे. तेव्हा मराठी माणसाने ते मराठीत मागावे. त्यात संकोच कशाचा? हा एक आकडा का महत्त्वाचा, हे पुन्हा गणितानेच सांगतो. दुकानदार म्हणतो, ‘लाख रुपये घ्या, तीन वर्षे, व्याज फक्त दहा टक्के.’ दहा टक्क्यांनी तीन वर्षांचे तीस हजार. एकूण एक लाख तीस हजार भागिले छत्तीस. हप्ता 3611 रुपये. ऐकावयास गोड वाटते. परंतु आपण दरमहा मुद्दल फेडीत असताना व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावरच मोजले जाते. घटत्या शिलकेवर हिशेब केला, तर हाच दर जवळजवळ 18 टक्के पडतो. रोख्यावर दहा, पाठीमागे अठरा!

आणखी दोन गोष्टी ध्यानात असाव्यात. कर्ज पूर्ण फिटल्यावर घराची मूळ कागदपत्रे तीस दिवसांत परत मिळाली पाहिजेत. धनकोच्या दोषाने उशीर झाल्यास दर दिवसास 5000 रुपये भरपाई, असा दंडक 1 डिसेंबर 2023 पासून आहे. आणि वसुलीस येणाऱ्याने सकाळी आठपूर्वी वा सायंकाळी सातनंतर फोन करू नये, शेजाऱ्यापाजाऱ्यांत अब्रू काढू नये, असा नियम आहे. बँकेने तक्रारीस तीस दिवसांत समाधानकारक उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते.

आता घराकडे वळू. सावेडी, केडगाव, बोल्हेगाव ह्या बाजूंस शहर ज्या वेगाने पसरत आहे, ते आपण पाहतच आहोत. आयुष्याची पुंजी घालून माणूस एकदाच घर घेतो. समोरचा मात्र शंभर घरे विकून तयार झालेला असतो. महाराष्ट्रात सदनिकांविषयीचा कायदा 1963 इतका जुना आहे. तरी रखडलेल्या इमारती आणि एकतर्फी करारनामे ह्यांनी लोक गांजलेच. म्हणून 2016 साली संसदेने स्थावर संपदेचा कायदा केला व 2017 पासून आपल्याकडे ‘महारेरा’ हे प्राधिकरण काम करू लागले. नोंदणी केलेल्या करारावाचून किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम विकासकास घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशातील सत्तर टक्के रक्कम त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावी लागते. किंमत चटई क्षेत्रावर सांगावी लागते; जिना, व्हरांडा मिळवून फुगविलेल्या आकड्यावर नव्हे. ताबा लांबला तर व्याज, आणि ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर विनामूल्य दुरुस्ती, हे हक्क त्यात आहेत.

आणि येथेही सर्वांत मोलाची गोष्ट तीच. करारात लिहिलेले असे की, ग्राहकाचा हप्ता चुकला तर शेकडा अठरा व्याज, आणि विकासकाने तीन वर्षे उशीर केला तर नाममात्र भरपाई. ‘तुम्हीच तर सही केली आहे,’ हे उत्तर ठरलेले. परंतु 2019 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, ज्यास सही करण्यावाचून गत्यंतर नव्हते अशा ग्राहकावर असा एकतर्फी करार लादता येणार नाही. तशी कलमे घालणे हीच अनुचित व्यापारी प्रथा होय. त्याच वर्षी झालेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अनुचित करार’ ही संज्ञाही आली. ज्या जिल्ह्याने न्यायाधीशांस रोख्यापाठीमागे पाहावयास लावले, त्या जिल्ह्याच्या लोकांस ह्या निकालाचे विशेष समाधान वाटावे. ग्राहक आयोगाची पायरी चढण्यास वकील लागतोच असे नाही. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीस फी नाही. आणि ग्राहक जेथे राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. मुदत मात्र दोन वर्षांची आहे, ती चुकवू नये.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. ऋणको व सावकार परके असतात, घरघेता व विकासक परके असतात. परंतु वृद्ध मातापित्यांच्या बाबतीत कागद लिहून घेणारा हात आपल्याच रक्तामांसाचा असतो. ‘आई, हे घर आमच्या नावावर करून ठेव, पुढे कटकट नको,’ असे कोणी म्हणतो. बक्षीसपत्र होते. त्यात लिहिलेले असते, ‘प्रेमापोटी व आपुलकीने देत आहे.’ वर्षभराने तीच आई त्याच घरात कोपऱ्यातील खाटेपुरती उरते, किंवा घराबाहेर जाते. येथे कागदावर प्रेम आहे आणि पाठीमागे ते नाही.

2007 च्या ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याने ह्यावर उपाय ठेविला आहे. साठ वर्षांवरील व्यक्तीने, आपला सांभाळ केला जावा ह्या अटीवर मालमत्ता दिली असेल आणि ती अट पाळली गेली नसेल, तर प्रांताधिकाऱ्यांसमोरील न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकते. निर्वाहासाठी दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत रक्कमही देवविता येते. पुढे प्रश्न निघाला, अट होती हे सिद्ध कसे करावयाचे? 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अट होती हे दाखविणे आवश्यक आहे. जानेवारी 2025 मध्ये त्याच न्यायालयाने, हा कायदा वृद्धांच्या कल्याणासाठी आहे, म्हणून त्याचा अर्थ उदारपणे लावावा, असे सांगून एका मातेचे घर तिला परत देवविले. न्यायालय उदार होवो. आपण मात्र सावध असावे. बक्षीसपत्र करावयाचेच असेल, तर ‘माझ्या हयातीत ह्याच घरात राहण्याचा माझा हक्क व माझा सांभाळ ह्या अटीवर’ हे शब्द त्यात असलेच पाहिजेत. त्याहून बरे, मृत्युपत्र करावे. ते हयातीत केव्हाही बदलता येते. ज्या मुलांच्या मनात काही नाही, त्यांना ह्या शब्दांचा राग येण्याचे कारण नाही.

वृद्धांच्या ठेवींचेही असेच आहे. आपल्या शहरातील 1910 साली स्थापन झालेल्या नगर अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने 4 ऑक्टोबर 2023 रोजी रद्द केला, तेव्हा निवृत्तांच्या घरोघरी किती चिंता पसरली हे सांगावयास नको. बँकेतील ठेवीस प्रत्येक ठेवीदारामागे, मुद्दल व व्याज मिळून, पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे कवच असते. पतसंस्थेतील ठेवीस हे कवच नसते. पावती दोन्ही ठिकाणी सारखीच दिसते, कागद तितकाच गुळगुळीत असतो. फरक पाठीमागे असतो. एक-दोन टक्के अधिक व्याज का मिळते, हे विचारल्याशिवाय उतारवयातील पुंजी कोठेही ठेवू नये. तसेच कोणी फोनवरून ‘तुम्हास डिजिटल अटक केली आहे’ असे धमकावील, तर त्यास घाबरू नये. अशी अटक कायद्यात नाही. लगेच 1930 ह्या क्रमांकावर कळवावे.

आता हे सर्व कायदे असता रडगाणे कशाचे, असे कोणी विचारील. उत्तर असे की, हे कायदे बहुतेक सहीनंतरचे आहेत, आणि न्याय फार उशिरा हाती पडतो. महारेराने भरपाईचा हुकूम दिला तरी तो पैसा जमीन-महसुलाच्या थकबाकीप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसूल करावा लागतो. हुकूम हाती आणि पैसा हवेत, अशी अनेकांची स्थिती आहे. 500 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील अथवा आठ घरांपर्यंतच्या प्रकल्पास नोंदणीची सक्ती नाही, आणि लहान शहरांत तर असेच प्रकल्प पुष्कळ. बक्षीसपत्राची नोंद करताना दुय्यम निबंधकाने त्या वृद्धास बाजूला बसवून ‘आजी, हे घर दिल्यावर आपण राहणार कोठे?’ एवढा एक प्रश्न विचारून त्याचे उत्तर लिहून घ्यावे, अशी तरतूद झाली तर किती अश्रू वाचतील! 1879 च्या कायद्याने गावोगाव नोंदणी-अधिकारी नेमले होते, कुणब्याने रोखा लिहून देण्यापूर्वी त्यास मजकूर समजला आहे की नाही हे पाहण्यासाठी. सही होण्यापूर्वी समजावून सांगणारा माणूस ही त्या कायद्याची कल्पना आजही जुनी झालेली नाही. सुधारणा करावयाची तर ह्या दिशेने करावी: लहान प्रकल्पांस नोंदणी, हुकमांची ठरावीक मुदतीत वसुली, पतसंस्थांतील लहान ठेवींस विम्याचे कवच, आणि सहीपूर्वी मातृभाषेत समजावणी.

ह्या मागण्या धनकोच्या द्वेषातून केलेल्या नाहीत. घेतलेले कर्ज फेडणे हे ऋणकोचे कर्तव्य आहे, आणि प्रामाणिक धनकोस आपला पैसा परत मिळाला पाहिजे. नाहीतर गरजूस उद्या कोण देईल? हिशेब उघडा असला म्हणजे प्रामाणिक धनकोचे काहीच बिघडत नाही. अंधार हवा असतो तो दुसऱ्याला.

तोपर्यंत आपल्या घरापुरते एवढे करावे. घरात येणारा प्रत्येक करार, कर्जाचा असो, सदनिकेचा असो वा बक्षीसपत्राचा, एक रात्र घरात राहू द्यावा. दुसऱ्या दिवशी घरातील एका तरुणाने तो मोठ्याने वाचावा व वडील माणसांनी ऐकावा. जे वाक्य कोणासच समजत नाही, त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढावी, आणि त्याचा अर्थ लेखी मिळेपर्यंत सही करू नये. दिलेल्या प्रत्येक पैशाची पावती घ्यावी व एका फडताळात ती क्रमाने ठेवावी. एखाद्यास घाई करावीशी वाटली, ‘आजच सही करा, उद्या भाव वाढेल’ असे तो म्हणाला, तर त्याची घाई हीच आपल्या सावधपणाची खूण समजावी. आपले घरकाम करणाऱ्या बाईला, दूधवाल्याला, शेजारच्या एकट्या आजोबांनाही हा कागद वाचून दाखवावा. शिकलेल्या माणसाचे शेजाऱ्यावरील ऋण फेडण्याचा ह्याहून सोपा मार्ग मला तरी ठाऊक नाही.

1875 साली आपल्या तालुक्यांतील लोकांना कागद वाचता येत नव्हता, म्हणून त्यांनी तो जाळला, आणि त्याबद्दल तुरुंगवास सोसला. त्यांच्या त्या सोसण्यातून कायद्याला रोख्याच्या पाठीमागे पाहण्याची दृष्टी आली. आपल्याला कागद वाचता येतो. तो सही करण्यापूर्वी वाचावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.